डेटाबेसची पाहणी : क्वेरी प्लॅनरच्या आकडेवारीचा इतिहास

मालेतल्या मागच्या व्याख्यानांत डेटाबेस माहिती साठवतो कशी, हे आपण पाहिलं. आजचा विषय त्या मानाने रुक्ष वाटेल: डेटाबेसची नेहमीची देखभाल, आणि त्यातही क्वेरी प्लॅनरची आकडेवारी ताजी ठेवणं. परीक्षेत यावर फार तर चार मार्कांची टीप येते. पण ज्यांनी एखाद्या मोठ्या यंत्रणेचा डेटाबेस सांभाळला आहे त्यांना विचारा, यातलं गांभीर्य ते सांगतील.

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्याची असते. "कालपर्यंत हा रिपोर्ट दोन सेकंदांत यायचा, आज अर्धा तास झाला तरी येत नाही. आणि आम्ही तर काहीच बदललं नाही." गंमत म्हणजे हे खरं असतं. प्रोग्राम तोच, मशीन तेच, विचारलेला प्रश्न अक्षरशः तोच. खिडकीपाशी रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या कानावर मात्र "सर्व्हर डाऊन आहे" एवढंच येतं. काही वेळा सर्व्हर डाऊन नसतोच. तो इमानेइतबारे काम करत असतो, पण चुकीच्या वाटेने.

ही चुकीची वाट तो का धरतो, हे समजायला आपल्याला १९७० च्या दशकात जावं लागेल. त्या काळात काही माणसांनी एक निर्णय विचारपूर्वक घेतला, आणि त्याचे बरेवाईट परिणाम आपण आजही भोगतो आहोत. आजचं व्याख्यान त्या निर्णयाबद्दल आहे.

वाट दाखवणारा माणूस

१९७० च्या आधी डेटाबेस नव्हते असं नाही. जनरल इलेक्ट्रिकमध्ये चार्ल्स बाकमन यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच आयडीएस नावाची यंत्रणा उभी केली होती. आयबीएमची आयएमएस ही यंत्रणा अपोलो मोहिमेच्या कामातून जन्माला आली. या यंत्रणांमध्ये नोंदी एकमेकींना दुव्यांनी जोडलेल्या असत. प्रोग्रामर एका नोंदीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर असा प्रवास करायचा. बाकमन यांना १९७३ साली ट्युरिंग पुरस्कार मिळाला, तेव्हाच्या भाषणात त्यांनी प्रोग्रामरला 'नॅव्हिगेटर', म्हणजे जहाजाला वाट दाखवणारा, असंच म्हटलं.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. कुठली फाइल छोटी, कुठली अवाढव्य, कुठून सुरुवात केली तर काम लवकर होईल, हे सगळं ज्ञान प्रोग्रामरच्या डोक्यात असायचं, आणि तिथून ते प्रोग्राममध्ये उतरायचं. पुढे माहिती वाढली, तिची ठेवण बदलली, की प्रोग्राम जुना व्हायचा. मग तो माणूस शोधा, आणि तो नोकरी सोडून गेला असेल तर बसा कोड वाचत.

१९७० च्या जूनमध्ये आयबीएमच्या सॅन होजे प्रयोगशाळेतले एडगर कॉड यांनी एक लेख प्रसिद्ध केला. त्यात रिलेशनल मॉडेल मांडलं होतं. गणित बाजूला ठेवलं तर मुद्दा साधा होता. माणसाने फक्त 'काय हवं' ते सांगावं, 'कसं आणायचं' ते यंत्राने ठरवावं. माहिती साध्या तक्त्यांत ठेवायची आणि वाटेचा विचार वापरणाऱ्यावर टाकायचा नाही.

यावर जुन्या पंथाच्या मंडळींचा आक्षेप रास्त होता. वाट माहीत असलेला माणूस काढून टाकला तर वाट ठरवणार कोण? यंत्राला काय कळतं, कुठल्या गावात किती घरं आहेत? १९७४ साली मिशिगनमधल्या ॲन आर्बर इथे कॉड आणि बाकमन यांच्यात या विषयावर जाहीर वाद झाला. पण वाद बोलून मिटणारा नव्हता. कोणीतरी यंत्रणा बांधून दाखवायला हवी होती.

१९७९ : यंत्राच्या हातात वही

ती बांधली सॅन होजेच्याच प्रयोगशाळेने. प्रकल्पाचं नाव सिस्टिम आर. एसक्यूएल ही भाषा इथलीच. आणि १९७९ साली पॅट्रिशिया सेलिंजर यांनी ॲस्ट्राहान, चेंबरलिन, लोरी आणि प्राइस यांच्यासोबत जो शोधनिबंध सादर केला, त्यात 'वाट ठरवणार कोण' या प्रश्नाचं उत्तर होतं. आज पोस्टग्रेस घ्या, ओरॅकल घ्या, डीबी२ घ्या, त्यांच्या प्लॅनरची मूळ कल्पना याच निबंधातून आलेली आहे.

कल्पना अशी. एका प्रश्नाचं उत्तर काढायचे मार्ग अनेक. प्रत्येक मार्गाचा खर्च आधी अंदाजाने मोजायचा आणि सगळ्यात स्वस्त मार्ग निवडायचा. खर्च म्हणजे मुख्यतः डिस्कवरून किती पानं वाचावी लागतील, आणि त्यात प्रक्रियेच्या खर्चाची थोडी भर.

आपण एक उदाहरण घेऊ. एका टेबलमध्ये १० लाख तक्रारी आहेत. एका पानावर ५० नोंदी मावतात, म्हणजे एकूण २०,००० पानं. 'प्रलंबित' तक्रारी द्या, असं कोणी विचारलं. त्या जर १०० असतील, तर इंडेक्स पाहून नेमक्या त्या नोंदींवर जायचं. शंभरेक पानं वाचली की काम झालं. पण प्रलंबित तक्रारी ४ लाख असतील तर? त्या विखुरलेल्या असतील, तर इंडेक्समधून एकेका नोंदीसाठी उडी मारत गेल्यास पानांची वाचनं ४ लाखांपर्यंत जाऊ शकतात. त्यापेक्षा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सरळ वाचत गेलं तर २०,००० पानांत काम संपतं. प्रश्न एकच, पण त्याच्या योग्य वाटा दोन. कुठली धरायची, ते प्रलंबित तक्रारी किती आहेत यावर ठरतं. आणि ते तर प्रश्न सोडवल्याशिवाय कळत नाही!

म्हणून यंत्राजवळ एक वही हवी. सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी ती डेटाबेसच्या कॅटलॉगमध्ये ठेवली. वही अगदी छोटी होती. टेबलमध्ये नोंदी किती, त्यांनी पानं किती व्यापली, इंडेक्समध्ये वेगवेगळ्या किमती किती, इंडेक्सची पानं किती, अशा मोजक्या नोंदी. रकान्यावर इंडेक्स असेल, तर एका किमतीच्या वाट्याला 'एक भागिले एकूण वेगळ्या किमती' एवढा हिस्सा येतो असं मानायचं. इंडेक्स नसेल तर सरळ एक दशांश. 'यापेक्षा मोठं' अशी अट असेल आणि हिशोब करता येत नसेल, तर एक तृतीयांश. एक दशांशच का? त्यामागे काही मोठा सिद्धान्त नव्हता. कुठला तरी आकडा धरल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं, आणि हा बरा वाटला.

आता तो निर्णय. ही वही अद्ययावत कधी करायची? सहज सुचणारं उत्तर असं की, नोंद आली, गेली, बदलली, की लगेच वहीतला आकडाही बदलायचा. सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी तसं करायचं नाही असं ठरवलं, आणि कारणही निबंधात लिहून ठेवलं. प्रत्येक बदलामागे वहीत लिहायचं म्हणजे जादा काम, आणि शिवाय सगळ्यांना त्याच एका वहीपाशी कुलूप लावून थांबावं लागणार. शंभर कारकून आणि वही एक, अशी अवस्था. म्हणून त्यांनी 'अपडेट स्टॅटिस्टिक्स' अशी वेगळी आज्ञा दिली. अधूनमधून ती चालवायची, कोणीही वापरकर्ता ती चालवू शकेल.

म्हणजे वही थोडी शिळी राहणार, हे यंत्रणेच्या आराखड्यातच मान्य केलेलं होतं. आणि त्याच क्षणी एक नवं काम जन्माला आलं. माणसाला वाट दाखवण्याच्या कामातून मोकळं केलं, पण वही ताजी आहे ना, हे बघायचं काम त्याच्याकडे आलं. जुनं काम मानाचं होतं. हे नवं काम मात्र ते बिनसेपर्यंत कुणाला दिसतही नाही.

शिळ्या वहीने काय होतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको. आपल्या देशात अन्नसुरक्षा कायद्याखाली किती लोकांना धान्य द्यायचं, ते २०११ च्या जनगणनेवरून ठरलं. २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झाली नाही. लोकसंख्या वाढत गेली, पण हिशोब जुन्या आकड्यांवर चालू राहिला. तो करणारा माणूस गणितात चुकत नव्हता. त्याच्या हातातला कागद जुना होता, इतकंच. प्लॅनरचंही अगदी असंच होतं.

पाटील, जाधव आणि बाकीचे

वही ताजी असली तरी तिच्यात लिहिलेलं पुरेसं आहे का, हा पुढचा प्रश्न. १९७९ च्या पद्धतीत सगळ्या किमती सारख्याच प्रमाणात विखुरल्या आहेत असं गृहीत धरलं होतं. महाराष्ट्रातल्या मतदारांचं टेबल घ्या आणि आडनावांचा रकाना बघा. पाटील, जाधव, शिंदे, पवार किती निघतील! आणि काही आडनावं अख्ख्या राज्यात चार घरांपुरती. सरासरी काढून 'प्रत्येक आडनावाचे इतके' असं म्हटलं, तर तो आकडा पाटलांनाही लागू पडत नाही आणि त्या चार घरांनाही नाही.

यावर उपाय आला तो संख्याशास्त्राच्या जुन्या पेटीतून. हिस्टोग्राम हा शब्द कार्ल पिअरसन यांचा, एकोणिसाव्या शतकातला. १९८० साली रॉबर्ट कूई यांनी आपल्या पीएचडीच्या प्रबंधात तो डेटाबेसमध्ये आणला. किमतींचे कप्पे पाडायचे आणि प्रत्येक कप्प्यात किती नोंदी ते लिहायचं. १९८४ साली पियाटेत्स्की-शापिरो आणि कॉनेल यांनी कप्पे पाडायची वेगळी रीत सुचवली. कप्प्यांची रुंदी सारखी ठेवण्याऐवजी प्रत्येक कप्प्यात नोंदी सारख्या येतील असे कप्पे पाडायचे. दाटी असेल तिथे कप्पे अरुंद, विरळ असेल तिथे रुंद. पोस्टग्रेसमध्ये आजही हीच रीत आहे. सोबत 'सर्वांत जास्त आढळणाऱ्या किमतीं'ची वेगळी यादी असते, म्हणजे पाटील-जाधवांची सोय वेगळी.

तरी एक गाठ उरलीच. दोन अटी एकत्र आल्या की प्लॅनर त्यांचे हिस्से एकमेकांशी गुणतो. जणू दोन्ही अटींचा एकमेकींशी काही संबंध नाही. समजा टेबलमध्ये १२,८८,८०० नोंदी आहेत, आणि हिशोब सोपा व्हावा म्हणून त्या सगळ्या तालुक्यांत सारख्या वाटल्या आहेत. महाराष्ट्रात जिल्हे ३६, तालुके ३५८. प्रश्न आला: जिल्हा पुणे आणि तालुका मुळशी. खरं उत्तर ३,६०० नोंदी, कारण मुळशी म्हटलं की पुणे जिल्हा त्यात आलाच. पण तालुका आणि जिल्हा यांचं नातं प्लॅनरला माहीत नसतं. तो ३५८ ने भागतो, पुन्हा ३६ ने भागतो, आणि म्हणतो, १०० नोंदी. छत्तीसपट कमी.

आणि ही चूक जागच्या जागी थांबत नाही. तीन-चार टेबलं जोडायची असतील, तर पहिल्या पायरीचा अंदाज दुसऱ्या पायरीत जातो, दुसरीचा तिसरीत. १९९१ साली आयोआनिडिस आणि क्रिस्टोडुलाकिस यांनी दाखवलं की जोडण्यांची संख्या वाढते तशी अंदाजातली चूक घातांकाने वाढू शकते. दर पायरीला दहापट चुकलात, तर चौथ्या पायरीवर दहा हजारपट. १०० नोंदी येणार म्हणून प्लॅनर एकेक नोंद घेऊन दुसऱ्या टेबलात शोधायला निघतो, आणि प्रत्यक्षात दहा लाख नोंदी समोर येतात. 'अर्धा तास झाला तरी येत नाही' तो रिपोर्ट बऱ्याचदा असाच अडकलेला असतो.

पोस्टग्रेसमध्ये अशा रकान्यांमधलं नातं वहीत नोंदवायची सोय २०१७ साली, दहाव्या आवृत्तीत आली. आज्ञेचं नाव 'क्रिएट स्टॅटिस्टिक्स'. पण जिल्हा आणि तालुका यांचं नातं आहे, हे माणसाने सांगावं लागतं. यंत्र स्वतःहून ते शोधत नाही.

शितावरून भाताची परीक्षा

वही भरायची कशी, हेही बघू. १० कोटी नोंदींचं टेबल दर वेळी पूर्ण वाचायचं म्हटलं तर पाहणीच मूळ कामापेक्षा महाग पडेल. म्हणून नमुना घेतात. आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, तीच ही रीत.

पोस्टग्रेसमधली 'ॲनलाइज' ही आज्ञा नेहमीच्या मांडणीत ३०,००० नोंदींचा नमुना घेते. टेबल एक लाखाचं असो की एक कोटीचं, नमुना तेवढाच. हे ऐकून पुष्कळांना शंका येते. पण चमच्याने आमटीची चव घेताना पातेलं किती मोठं आहे यावर चमचा ठरत नाही. आमटी नीट ढवळली आहे ना, एवढंच बघायचं. यामागे पक्कं गणित आहे. सुरजित चौधुरी, राजीव मोटवानी आणि विवेक नरसय्या यांनी १९९८ साली, हिस्टोग्रामसाठी किती नमुना पुरतो, यावर निबंध लिहिला. पोस्टग्रेसचा हिशोब त्याच निबंधावर बेतलेला आहे, आणि तसं त्याच्या मूळ कोडमध्ये नोंदवलेलंही आहे.

पण शिताची परीक्षा सगळ्यालाच चालत नाही. भात शिजला का, ते एका शितावरून कळेल. पातेल्यात किती जातींचे तांदूळ मिसळले आहेत, हे मूठभर शितांवरून सांगता येईल का? 'या रकान्यात वेगवेगळ्या किमती किती' हा प्रश्न तसाच आहे, आणि नमुन्यावरून त्याचं खात्रीचं उत्तर देणं मुळातच कठीण आहे. मोठ्या टेबलांवर प्लॅनर इथे पुष्कळदा चुकतो. अशा वेळी पोस्टग्रेसमध्ये तो आकडा आपण हाताने सांगू शकतो.

झाडू कोणाच्या हातात?

आता या कामाची माणसं बघू. सिस्टिम आरने आज्ञा दिली, पण ती चालवायची आठवण कोणी ठेवायची? पहिली दोन दशकं उत्तर एकच होतं: माणसाने. डेटाबेस ॲडमिनिस्ट्रेटर नावाच्या जमातीने रात्रीच्या वेळापत्रकात हे काम बसवलं. कामकाज थांबलं की आकडेवारी गोळा करायची, इंडेक्स नीट करायचे, बॅकअप घ्यायचा.

सगळ्यांना या आकडेवारीवर विश्वास होता, असंही नाही. ओरॅकलमध्ये १९९२ च्या सातव्या आवृत्तीपर्यंत प्लॅनर नियमांवर चालायचा. वाटांची १५ पायऱ्यांची उतरंड ठरलेली. सर्वांत वर, नोंदीचा थेट पत्ता माहीत असेल तर ती वाट. सर्वांत खाली, पूर्ण टेबल वाचणं. टेबलात दहा नोंदी आहेत की दहा कोटी, याच्याशी नियमांना कर्तव्य नव्हतं. सातव्या आवृत्तीत खर्चाचा हिशोब करणारा प्लॅनर आला, तरी अनेकांनी जुने नियम वर्षानुवर्षं सोडले नाहीत. त्याला कारणही होतं. नियम मूर्ख असले तरी ते आज जे करतात तेच उद्या करतात. आकडेवारीवर चालणारा प्लॅनर हुशार, पण वही बिघडली की तो कुठे जाईल याचा नेम नाही. २००३ च्या १०जी आवृत्तीत ओरॅकलने नियमांचा प्लॅनर अधिकृतपणे बाद केला, आणि त्याच आवृत्तीत आकडेवारी आपोआप गोळा करायचं काम रात्री दहा ते सकाळी सहाच्या खिडकीत बसवलं. या दोन गोष्टी एकाच वेळी याव्यात हे साहजिक होतं. सगळ्यांना वहीवर चालायला लावायचं तर वही भरण्याची हमी आधी द्यावी लागते.

त्या रात्रीच्या खिडकीशी आपल्या भागाचा जवळचा संबंध आहे. अमेरिकेतली रात्र म्हणजे आपला दिवस. परदेशी कंपन्यांच्या डेटाबेसची देखभाल पुण्या-बंगळुरूहून होऊ लागली, त्यामागे पैशाचा हिशोब होता तसा घड्याळाचाही होता. आजचं व्याख्यान ऐकणाऱ्यांपैकी काहींनी ही पाळी केलेली असेल.

पोस्टग्रेसची गोष्ट थोडी वेगळी आहे. बर्कलीमध्ये मायकेल स्टोनब्रेकर आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली ते बांधायला घेतलं. नोंद बदलली तरी जुनी नोंद पुसायची नाही, नवी शेजारी लिहायची, अशी त्याची रचना. मग जुन्या नोंदींचा ढीग साठणार. १९८७ च्या निबंधात त्यासाठी 'व्हॅक्यूम क्लीनर' सांगितला आहे. तो जुन्या नोंदी उचलून ऑप्टिकल डिस्कवर कायमच्या जपून ठेवणार होता. ऑप्टिकल डिस्कचं स्वप्न मागे पडलं, पण 'व्हॅक्यूम' हे नाव राहिलं. आज तो मेलेल्या नोंदींची जागा मोकळी करतो, आणि सोबत 'ॲनलाइज' आकडेवारी भरतो. केर काढणं आणि मोजदाद करणं ही दोन वेगळी कामं आहेत. नवशिके त्यात गल्लत करतात, म्हणून मुद्दाम सांगतो.

सुरुवातीला व्हॅक्यूम चालू असताना टेबलला कुलूप लागायचं. ज्याचा धंदा चोवीस तास चालतो त्याने झाडू मारायचा कधी? २००२ च्या ७.२ आवृत्तीत हे कुलूप निघालं, आणि आकडेवारीत खरे हिस्टोग्रामही आले. २००५ च्या ८.१ मध्ये 'ऑटोव्हॅक्यूम' सर्व्हरच्या आत आला, आणि २००८ च्या ८.३ मध्ये तो मुळातच चालू स्थितीत मिळू लागला. म्हणजे आज्ञा देण्यापासून ती आपोआप पाळली जाण्यापर्यंतचा प्रवास १९७९ ते २००८, जवळपास तीस वर्षांचा.

आपोआप म्हणजे किती आपोआप?

इथे गोष्ट संपली असं वाटेल, पण तसं नाही. ऑटोव्हॅक्यूमने ॲनलाइज कधी चालवायचं, याचा नेहमीचा नियम असा: ५० अधिक टेबलच्या १० टक्के नोंदी बदलल्या की. हजार नोंदींच्या टेबलला हे छान आहे. १० कोटींच्या टेबलमध्ये मात्र एक कोटी बदल होईपर्यंत वही उघडलीच जात नाही. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये १९९८ पासून आकडेवारी आपोआप ताजी होत होती, पण मोठ्या टेबलसाठी नियम ५०० अधिक २० टक्के. म्हणजे १० कोटींना दोन कोटी बदल. २०१६ साली त्यांनी वर्गमुळाचा नियम मूळ मांडणीत आणला. त्या हिशोबाने त्याच टेबलसाठी सुमारे ३ लाख १६ हजार बदल पुरतात. एवढ्या साध्या दुरुस्तीला अठरा वर्षं लागली, कारण १९९८ साली दहा कोटींचं टेबल ही फारशी नेहमीची गोष्ट नव्हती.

मधल्या काळात काय होतं? तारखेचा रकाना घ्या. वहीतला शेवटचा कप्पा परवाच्या तारखेला संपतो. आज कोणी 'आजचे व्यवहार द्या' म्हणालं, तर वहीच्या दृष्टीने आजचा दिवस उजाडलेलाच नाही. एसक्यूएल सर्व्हरचा जुना अंदाजक अशा वेळी 'एक नोंद' असं उत्तर द्यायचा. प्रत्यक्षात ५० हजार. आणि लोक सर्वांत जास्त कशाबद्दल विचारतात? आजच्याबद्दलच.

दुसरा प्रसंग आवृत्ती बदलण्याचा. पोस्टग्रेसची मोठी आवृत्ती बदलली की माहिती नव्या घरात सुखरूप यायची, पण आकडेवारीची वही जुन्या घरीच राहायची. नव्या सर्व्हरवर आधी ॲनलाइज चालवलं नाही, तर सकाळी लोक कामाला बसले की सगळं रखडायचं. हे बंद झालं २०२५ च्या अठराव्या आवृत्तीत. आता बहुतेक आकडेवारी सोबत येते.

आणि याची दुसरी बाजूही आहे. आकडे ताजे केले म्हणून भलं होईलच असं नाही. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत जयंत हरित्सा यांच्या गटाने २००५ साली प्लॅनरच्या निवडींचे रंगीत नकाशे काढले. अंदाज जरासा सरकला की निवडलेली वाट कशी बदलते, ते त्यात दिसतं. काही नकाशे इतके गुंतागुंतीचे निघाले की त्या साधनाला 'पिकासो' हे नाव मिळालं. ताज्या आकड्यांनी चालतं काम रातोरात बिघडू शकतं, ही ॲडमिनिस्ट्रेटर मंडळींची भीती निराधार नाही. म्हणूनच ओरॅकलमध्ये आकडेवारीला कुलूप घालायची सोय आहे.

मग यंत्राने स्वतःच्या चुकांवरून शिकावं का? आयबीएमच्या संशोधकांनी २००१ मध्ये 'लिओ' नावाने तोच प्रयत्न मांडला. काम झाल्यावर अंदाज आणि प्रत्यक्ष यांची तुलना करायची आणि पुढच्या वेळी सुधारायचं. २०१५ साली म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातल्या लाइस आणि सहकाऱ्यांनी अनेक डेटाबेस तपासले. चित्रपटांच्या खऱ्या माहितीवर, अनेक टेबलं जोडताना, सगळेच प्लॅनर मोठमोठ्या चुका करत होते. खर्चाच्या सूत्रापेक्षा संख्येचा अंदाजच घात करतो, असा त्यांचा निष्कर्ष. आता मशीन लर्निंगने अंदाज बांधायचे प्रयोग चालू आहेत. पण शिकवलेलं मॉडेलही कालच्याच माहितीवर शिकलेलं असतं. माहिती बदलली की त्यालाही पुन्हा शिकवावं लागतं. कधी, आणि कोणी? म्हणजे १९७९ चाच प्रश्न पुन्हा समोर आला.

जाता जाता

ज्यांच्या हाताखाली डेटाबेस आहे त्यांच्यासाठी या इतिहासातून निघणाऱ्या चार गोष्टी सांगतो. क्वेरी अचानक मंदावली तर इंडेक्स टाकण्याआधी 'एक्स्प्लेन ॲनलाइज' चालवा आणि अंदाजातल्या व प्रत्यक्षातल्या नोंदी शेजारीशेजारी वाचा. जिथे पहिल्यांदा दोन्हींत शंभरपटीचा फरक दिसेल, तिथे दुखणं आहे. टेबलची आकडेवारी शेवटची कधी भरली, हे पोस्टग्रेसच्या 'पीजी_स्टॅट_यूझर_टेबल्स' या दृश्यात दिसतं. एकदम मोठा भरणा केला की ऑटोव्हॅक्यूमची वाट न बघता स्वतः ॲनलाइज चालवा, ते बहुधा काही सेकंदांचं काम असतं. आणि मोठ्या टेबलांसाठी १० टक्क्यांची अट खाली आणा, ती टेबलागणिक बदलता येते.

व्याख्यान संपल्यावर चॅटमध्ये एक प्रश्न आला, तो इथे जोडतो. "हे सगळं आपोआप होत असेल तर पुढच्या दहा वर्षांत हे काम उरेल का?" आमचं उत्तर असं. आज्ञा चालवायचं काम जवळजवळ उरलेलं नाही, आणि ते गेलं याचं दुःख करायचं कारणही नाही. पण ३ मार्चला रात्री एका नव्या जिल्ह्याची माहिती भरली जाणार आहे, १ एप्रिलला वर्ष बदलणार आहे, मुळशी पुण्यातच आहे, हे यंत्राच्या वहीत कुठून येणार? ज्याला ती माहिती कशाबद्दल आहे हे ठाऊक आहे, त्यानेच ते सांगायचं असतं. कॉड यांनी आपल्याला वाट सांगण्यातून सोडवलं. गावाची खबर मात्र अजून गावातल्याच माणसाने द्यावी लागते.

पुढच्या व्याख्यानात आपण इंडेक्सकडे वळू, आणि १९७० च्या सुमारास आलेलं बी-ट्री आजही का टिकून आहे, ते पाहू. तोपर्यंत शक्य असेल त्यांनी आपापल्या सर्वांत मोठ्या टेबलची शेवटच्या ॲनलाइजची तारीख बघून ठेवा.